लाळेची चिंधी

मी भित्री आहे, हे आमच्या घरात कुणाला सांगावं लागत नाही. लहानपणी मला पाल, विहीर, फटाके, लग्नातला बँड आणि दाताचा डॉक्टर या सगळ्यांची सारखीच भीती वाटायची. आणि मोठी होऊन मी काय केलं, तर विषाणूंचा अभ्यास पत्करला. माझी काकू यावर अजून हसते. "सरडा बघून कोकलायची, आन् आता म्हनं रोगाशी खेळती," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. खरं तर मी रोगाशी खेळत नाही. जिवंत विषाणू हाताळायला वेगळी इमारत लागते, वेगळे कपडे लागतात आणि माझ्यापेक्षा घट्ट काळजाची माणसं लागतात. मी फक्त त्याच्या अंगावरच्या कवचावर काम करते.

गाईगुरांच्या तोंडात आणि खुरांत फोड येतात, लाळेच्या तारा लोंबतात, तो लाळ्या-खुरकूत रोग. त्याचा विषाणू म्हणजे प्रथिनांचं एक बारीक कवच आणि त्याच्या पोटात बसलेला रोगाचा गाभा. आमच्या प्रयोगशाळेत आम्ही ते कवच किड्यांच्या पेशींकडून बनवून घेतो, पोटात काहीही न घालता. असं रिकामं कवच टोचलं की जनावराच्या शरीराला शत्रूची ओळख पटते आणि रोग मात्र होत नाही. निदान तसं व्हावं, ही आशा. अडचण एकच, की हे कवच भारी नाजूक. जरा ऊब लागली की त्याचे तुकडे सुटे होतात, आणि सुट्या तुकड्यांना शरीर फारशी किंमत देत नाही. त्या कवचाचा एक सांधा घट्ट करण्यात माझी उमेदीची वर्षं चालली आहेत. फ्रीजबाहेर राहिलेली नळी दिसली की अजूनही मी धावत जाऊन ती आत ठेवते.

हे सगळं मी गेल्या दिवाळीत तात्यांना समजावून सांगत होते. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. वडील नोकरीपायी बीडला, पण माझं लहानपण गेलं ते तेलगावच्या अलीकडे, आमच्या गावात, तात्या-काकूंजवळ. तात्या अंगणात शेंगा फोडत बसले होते. मी सुपातलं एक टरफल उचललं आणि म्हटलं, "हे बघा, आम्ही दाणा काढून घेतो आणि नुसतं टरफल देतो."

तात्यांना गंमत वाटली. "तुमी टरफल देता व्हय? आमचा बा तर आख्खी शेंगच द्यायचा."

मग त्यांनी सांगितलं. गोठ्यात एका बैलाला लाळ सुटली की आजोबा एक चिंधी घ्यायचे, त्या बैलाच्या लाळेत चांगली भिजवायचे आणि गोठ्यातल्या प्रत्येक जनावराच्या तोंडातून फिरवायचे. सगळ्यांना एकदम रोग व्हायचा आणि एकदम उतरायचा. "एकामागं एक बसत बसले तर कामं कवा करायची?" तात्या म्हणाले. त्यात एक हिशेब होता, हे मलाही नाकारता येईना. तरी मी हात जोडून म्हटलं, "तात्या, चुकूनही असं करू नका." ते हसले. "आता कोन करायलंय तसलं," म्हणाले आणि शेंगा फोडू लागले.

यंदा उसाच्या तोडी सुरू झाल्या आणि काकूचा फोन आला. जोडीला म्हणून नवा बैल घेतला होता, त्याला घरी आल्यावर लाळ सुटली. काकूच्या आवाजात काळजी नव्हती. "तू घाबरू नगस. तुझ्या तात्यानं दुसऱ्याच दिशी समद्यांच्या तोंडात चिंधी फिरवली. आता समदे एकदाच लंगडायलेत. कारखान्याला आपल्या उसाच्या गाड्या सुरू हुस्तोवर मोकळे हुतील."

मी घाईनं विचारलं, "काकू, ती नवी घेतलेली गाभण गाय, तिच्या तोंडात पण?"

"व्हय की. व्याली नव्हं ती, कालवड झाली. गाईला लावली, वासराला तेवढं सोडलं. लहान हाय म्हनून."

"वासरू पितंय तिला?"

"मग कुनाला पिनार?"

मोठी जनावरं या रोगातून बहुतेक उठतात. तोंड सोलवटतं, खुरं सुटतात, दूध आटतं, पण उठतात. कोवळ्या वासराची गोष्ट वेगळी. त्याच्या तोंडात फोड यायच्या आधीच विषाणू हृदयाच्या स्नायूत शिरतो. वासरू चांगलं उभं असतं, आईला ढुशा देत लुचतं आणि पिता पिता कोसळतं. अशा वासराच्या हृदयाचा फोटो मी वर्गात बघितला होता, लाल स्नायूवर पांढुरके पट्टे. त्या दिवशी मला जेवण गेलं नव्हतं. यातलं काकूला मी काही बोलले नाही. एवढंच सांगितलं, की वासराला आत्ताच्या आत्ता आईपासून लांब कर, कापसाच्या खोलीत ठेव, आईचं दूध देऊ नको, आणि त्याला पळू देऊ नको.

"अगं माय, आईपासून तोडायचं?" काकू म्हणाली. मी म्हटलं, तोडायचं.

मला राहवेना. माझ्या मार्गदर्शक मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, जा, पण परतल्यावर मी बोलावल्याशिवाय इमारतीत पाऊल टाकायचं नाही, आणि तिथे घातलेल्या चपला तिथेच टाकून ये. रात्रीच्या गाडीनं निघाले, मांजरसुंब्याला उतरले तेव्हा नुकतं उजाडलं होतं. ढाब्यावर चहा घेतला, तो दोन घोटांपुढे गेला नाही. पुढे बीडहून तेलगावच्या एसटीत बसले आणि खिडकीतून उसाच्या बैलगाड्या दिसू लागल्या. एरवी मला त्या गाड्या बघायला आवडतं. त्या दिवशी मी प्रत्येक बैलाचं तोंड बघत होते. कुणाच्या तोंडाशी जरा फेस दिसला की तो मागे पडेपर्यंत मी मान वळवून बघायचे. ओझं ओढणाऱ्या बैलाला फेस येतोच, हे मला कळत होतं, पण कळून उपयोग नव्हता.

गोठ्यात आमची तांबडी जनावरं एकेक पाय उचलून झटकत उभी होती. लाळेच्या तारा जमिनीपर्यंत आल्या होत्या. सरकारी डॉक्टर येऊन गेले होते. खुरं धुवायला लाल औषध, तोंडाला लावायला बोरिक पावडर आणि तापाची इंजेक्शनं, एवढं त्यांच्या हातात होतं, ते त्यांनी केलं होतं. वासराला पळू देऊ नका, एवढं तेही बजावून गेले होते. तात्या बैलाचं खूर धूत बसले होते आणि चांगले समाधानात होते.

"एकदम आलं, एकदम जाईल," ते मला म्हणाले.

"लस का नाही टोचून घेतली तात्या? गावात येतात ना टोचायला?"

"आलते की. मी जनावरं माळाला नेलती." मग माझ्याकडे बघून अगदी सरळपणे म्हणाले, "तू करायलीस की नवी. म्हनलं घरची लस येनार हाय, मग ही जुनी कावून टोचायची?"

मला हसावं की रडावं कळेना. माझं ते नाजूक कवच, ज्याला उन्हाळ्याचा वारा सोसत नाही, जे अजून एकाही गाईपर्यंत पोचलेलं नाही, त्याच्या भरवशावर माझ्या घरचा अख्खा गोठा उघडा राहिला होता. मी तात्यांवर ओरडायला तोंड उघडलं आणि ओरडता आलं नाही. त्यांना माझा अभिमान होता, याला मी काय करणार?

कापसाच्या खोलीत वासरू बांधलं होतं. लालभडक अंग, कपाळावर भोवरा, आणि पाय अजून आपले आपल्यालाच न कळणारे. आवाराच्या त्या टोकाला गाय हंबरत होती आणि प्रत्येक हंबरण्याला हे दाव्याला हिसका देत होतं. मी दारातूनच त्याच्या श्वासाकडे बघत राहिले. काकू माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "सांगू का तुला? झालं त्या दिशी वन्सं आल्त्या गोठ्याच्या दारापत्तूर. बघितलं त्यांनी."

वन्सं म्हणजे तात्यांची थोरली बहीण, माझी आत्या. मूलबाळ झालं नाही म्हणून सासरच्यांनी तिला तरुणपणीच माघारी पाठवलं, तेव्हापासून ती आमच्या घरात आहे. मला न्हाऊ-माखू तिनं घातलं, माझ्या वेण्या तिनं घातल्या. पण ती गोठ्यात जात नसे. तिनं लुचणाऱ्या वासराकडे बघितलं की वासरू जगत नाही, असं आमच्या आजीच्या वेळेपासून घरात धरलं गेलं होतं. तसं तिला तोंडावर कुणी म्हणत नसे. आवार ओलांडायचं असलं की आत्या भिंतीच्या आड उभी राहून विचारायची, "पाजनं झालं का?" आतून "झालं" असा आवाज आला की मग ती पुढे व्हायची. लहानपणी मला ती एक घरातली रीत वाटायची, जेवायच्या आधी हात धुण्यासारखी.

काकूचं बोलणं ऐकून माझ्या भीतीला दुसरं तोंड फुटलं. वासरू गेलं तर ते आत्याच्या माथी जाणार होतं. काकू वाईट बाई नाही. पण तिच्या घरी जन्मलेली लाल कंधारी जातीची पहिली कालवड होती ती, आणि काकूला दोष ठेवायला कुणीतरी लागणार होतं.

त्याच दुपारी मी तात्यांना लिंबाखाली गाठलं आणि वासराच्या हृदयाचं सगळं सांगितलं. आईला आजार आणि तिच्या दुधातून वासराला, हेही सांगितलं. वासरू वेगळं करायच्या आधी प्यायलेलं आहे, तेव्हा उशीर झालेला असू शकतो, हेही लपवलं नाही. तात्या आधी ऐकत होते. मग त्यांचा तंबाखू मळणारा हात थांबला.

"पिता पिता पडतं म्हनलीस?"

"हो."

"तोंडात फोड न्हाई, काई न्हाई?"

"नाही."

ते गोठ्याकडे बघू लागले. मग म्हणाले, "बा चिंधी फिरवायचा त्या वर्सी वासरं जायची. अशीच. पिता पिता. आमी म्हनायचो, मोठ्या जनावरांना आराम पडला आन् चांगल्या वासरांना दिष्ट लागली." त्यांनी तळहातावरचा तंबाखू झटकून टाकला. "आक्का तवा नुकती परत आलती."

म्हणजे तेव्हाची ती दृष्ट आत्याच्या माथी बसली होती. मी म्हटलं, "तात्या, तिला सांगा."

"आता काय सांगायचं? म्हातारी झाली ती. उगी कावून उकरायचं?" असं म्हणून ते उठले आणि गोठ्याकडे गेले. त्यांची चाल मला बरी वाटली नाही.

इकडे मला वासरासाठी माणूस हवं होतं. डेअरीच्या पिशवीचं दूध उकळून, कोमट करून बाटलीनं पाजायचं होतं, आणि ते करणाऱ्याच्या हातांना, कपड्यांना, पायांना गोठ्याचा संसर्ग लागलेला चालणार नव्हता. तात्या नकोत, काकू नको. मीही गोठ्यात उभी राहून आले होते. गोठ्याची पायरी जिनं चढलेली नव्हती, अशी घरात एकच बाई होती. माझ्या शास्त्राला स्वच्छ हात पाहिजे होते आणि ते आत्याचे होते. वासरू तिच्या हातात दगावलं तर काय होईल, हे मला ठाऊक होतं. दुसऱ्या कुणाच्या हातात देणं म्हणजे ते आपणच मारणं, हेही ठाऊक होतं. अशा पेचात मी कधी पडले नव्हते, आणि कुणी पडू नये.

काकूनं ऐकलं आणि पदर तोंडाला लावला. आत्या तर चक्क मागं सरकली.

"नगं गं माय. माजी नजर वंगाळ हाय. माज्या हातनं काय झालं म्हंजे?"

"नजरेनं काही होत नाही आत्या."

"तुला काय ठावं? तू तवा न्हवतीस."

तात्या तिथेच होते. मी त्यांच्याकडे बघितलं. ते खाली मान घालून एवढंच म्हणाले, "आक्का, पाज. पोरगी सांगती तर पाज."

पहिल्या वेळी आत्यानं बाटली इतकी लांबून धरली, की दूध वासराच्या नाकावर सांडलं. ती वासराकडे बघतच नव्हती. मान वळवून, भिंतीकडे तोंड करून पाजत होती. मी उंबऱ्याबाहेरून सांगत होते, बाटली जरा वर कर, आता खाली. वासरानं बाटलीची बोंडी तोंडात धरली आणि ते ओढायला लागलं, तेव्हा तिनं डोळे घट्ट मिटून घेतले.

पुढच्या दिवसांत ती हळूहळू वळली. आधी वासराच्या कानाकडे, मग मानेकडे, मग पार डोळ्यांकडे. वासरू तिच्या गुडघ्याला ढुशी द्यायला लागलं. एकदा ती हसली, आणि हसताना कुणी बघितलं का म्हणून दाराकडे बघू लागली. मी मात्र दर वेळी वासराच्या बरगड्या मोजल्यासारखी बघत बसायचे. श्वास जरा भरभर झाला की घड्याळ लावून मोजायचे. गाय हंबरायची थांबली होती. काकू रोज सकाळी दारात येऊन बघून जायची आणि दर खेपेला तिच्या चेहऱ्यावरचा ताण थोडा कमी दिसायचा. तात्या खोलीकडे फिरकत नव्हते. मला वाटायला लागलं होतं, की निभावलं. असं वाटू द्यायला नको होतं.

त्या दिवशी सकाळपासून वासराचा श्वास उथळ होता. मी बघितलं होतं आणि कुणाला बोलले नव्हते, बोलून करण्यासारखं काही नव्हतं. दुपारी आत्या बाटली घेऊन बसली. वासरू आवडीनं प्यायलं, अर्धी बाटली झाली असेल. मग ते थांबलं. त्यानं मान जरा वर केली, पुढचे गुडघे वाकले आणि ते आत्याच्या मांडीवर कलंडलं. तोंडातून दूध ओघळलं, पाय एकदा ताणले गेले, आणि संपलं.

आत्या ओरडली नाही. ओरडले ते मी. काकू धावत आली आणि उंबऱ्याशी थांबली. तिनं वासराकडे बघितलं, मग आत्याकडे. तिच्या तोंडून शब्द निघायच्या आधीच आत्या बोलायला लागली.

"मी म्हनलं हुतं. मी म्हनलं हुतं की गं तुमाला. माज्या हातात देऊ नका म्हनलं हुतं."

पुस्तकातलं सगळं मला येत होतं आणि त्यातलं एकही वाक्य मला बोलता येईना. तात्या गोठ्यातून आले. त्यांनी काकूला बाजूला केलं. मला वाटलं, आता हे म्हणतील, नशिबात होतं, आणि वासरू उचलून घेऊन जातील. ते उंबऱ्यावर खाली बसले.

"आक्का," ते म्हणाले, "तुजं न्हाई. चिंधीनं गेलं हे. मी फिरवली चिंधी."

काकू म्हणाली, "आवो, काय बी काय..."

"गप ऱ्हा जरा. गाईच्या तोंडात मी रोग घातला, गाईच्या दुधातनं वासरात गेला. आक्कानं पाजलं ते औषध हुतं."

आत्या त्यांच्याकडे बघत राहिली. तात्यांची मान खाली होती. ते थांबले असते तरी कुणी त्यांना पुढचं विचारलं नसतं, कारण ते फक्त त्यांना आणि मला माहीत होतं. पण आत्यानंच विचारलं. म्हातारी झाली तरी डोकं तिचं आमच्या सगळ्यांत तल्लख.

"बा बी फिरवायचा चिंधी," ती सावकाश म्हणाली. "मग तवाची वासरं?"

तात्यांनी मान डोलावली.

"समदी?"

"समदी, आक्का."

आत्या माझ्याकडे वळली. "तू शिकलीस. तू खरं सांग. ती मी न्हवते?"

"तू नव्हतीस आत्या," मी म्हटलं. "कधीच नव्हतीस."

वासराचं डोकं अजून तिच्या मांडीवर होतं. तिनं त्याच्या तोंडावरचं दूध पदरानं पुसलं, कान सरळ केला, कपाळावरच्या भोवऱ्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "ह्याच्या आदी म्या एका बी वासराला हात लावला न्हवता गं. आख्खा जलम भ्यायले की मी."